सुई, दाभण आणि रनर

वारीत केळ्यांना तोटा नाही. पुणं सोडेपर्यंत तर केळी, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या इतक्या पुढे येतात की हात जोडून नको म्हणत चालावं लागतं. देणाऱ्यांच्या भावनेविषयी माझं काही म्हणणं नाही. पण दिवे घाट चढून सासवड झालं, जेजुरी, वाल्हे मागे पडलं की वारकऱ्याची गरज बदलते. पिशवीचा बंद तुटतो, चपलेचा अंगठा निघतो, टाचेला फोड येतो, छत्रीची काडी मोडते. अशा वेळी हातात कसब असलेला माणूस हवा असतो, आणि तो केळ्यांसारखा दर वळणावर भेटत नाही.

मी माउलींच्या सोहळ्यात रथामागच्या एका दिंडीत चालते. नोकरी हिशेबाची केली, पण बोटं शिंप्याची आहेत. वडिलांच्या मशीनजवळ बसून लहानपणी काज-बटणापासून सगळं शिकले. भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, भरून, वळकटी ट्रकमध्ये टाकून निघालं की माझ्या खांद्याला एक छोटा डबा असतो. त्यात सुया, दाभण, मेण लावलेला जाड दोरा, कॅनव्हासचे तुकडे, चेनचे पाच आणि आठ नंबरचे रनर आणि एक लहान पकड. मुक्कामाला पोचलं, चहा झाला की ट्रकच्या सावलीत डबा उघडून बसते. बोलवावं कुणालाच लागत नाही.

सगळ्यात जास्त येतात त्या चेन. ‘चेन गेली’ म्हणून लोक चांगल्या बॅगा टाकून देतात. खरं तर दात शाबूत असतात, रनर सैल झालेला असतो. त्याच्या दोन्ही कडा पकडीत धरून एकेका बाजूने हलकेच दाबायच्या. जास्त दाबलं तर तो अडकतो, नाहीतर कट्‌कन तुटतो. कमी दाबलं तर मागून चेन पुन्हा उघडते. किती दाबायचं हे सांगता येत नाही, पकडीतून बोटांना कळतं. मला ते वडिलांच्या हाताकडे बघून कळलं, त्यांना त्यांच्या वडिलांकडून. यात माझी कमाई कितीशी? म्हणूनच वाटेवर कुणी पैसे पुढे केले की मला ते दुसऱ्याच्या मालावर नफा घेतल्यासारखं वाटतं.

दिंडीतली गंमत अशी की तिथे प्रत्येकाच्या हाताला काम आपोआप सापडतं. आमच्यात एक गवंडीकाका आहेत. रान दिसलं की ते आधी उतार बघतात, कुठून पाणी येणार ते ओळखतात आणि राहुट्यांभोवती चर मारून घेतात. रात्री धो धो पाऊस आला तरी आमच्या सतरंज्या कोरड्या, आणि शेजारच्या दिंडीतले लोक उठून बसलेले. मग काका उठणार, टिकाव घेणार आणि त्यांचाही चर मारून देणार. स्वयंपाकाच्या बायका पहाटे पीठ मळताना मृदंगमणींसाठी कणकेचा एक गोळा बाजूला ठेवतात, मृदंगाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्याला लावायला. ती कणीक किती घट्ट हवी हे एका मावशींना नेमकं माहीत आहे. त्या नसल्या तर मृदंगमणी कुरकुरतात.

आपल्या संतांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. गोरोबांनी मडकी घडवणं सोडलं नाही, सेना महाराजांनी हजामत सोडली नाही, नरहरी सोनारांनी आपली पेढी मोडली नाही. सावता महाराज तर अरणच्या मळ्यातच राबत राहिले आणि देवच त्यांच्या भेटीला गेला, असं परंपरा सांगते. वाटेवर जागोजागी फुकट दाढी करून देणारे नाभिक बांधव बसलेले असतात. समोरच्या माउलीची हनुवटी वर करून, खालच्या कातडीला ताण देऊन वस्तरा फिरवताना त्यांचं लक्ष दुसरीकडे कुठेही नसतं. त्यांच्या मांडवावर फलक असो नसो, त्या हाताकडे बघत राहावंसं वाटतं.

फलकावरून आठवलं. एकदा एक मोठी मंडळी मालिश करायला आली होती. आधी मागे कापड ताणलं, मग फोटो, मग मालिश. फोटो झाले तशी निम्मी मंडळी पांगली. उरलेल्या निम्म्यांनी मात्र रात्री उशिरापर्यंत पाय चेपले, हेही सांगायला हवं.

मी एक पथ्य पाळते. चप्पल माझ्याकडे आली की आधी जवळ चांभारदादा बसलेत का ते बघते. वारीच्या वाटेवर पोटासाठी बसलेले कारागीरही असतात. त्यांच्या शेजारी फुकटचं दुकान थाटून आपण कसली सेवा करतो? त्यांचं गिऱ्हाईक तुटतं. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला मी तिकडे पाठवते. ज्याच्याकडे नाहीत, त्याची चप्पल घेऊन मीच जाते आणि दादांना पैसे देते. दाभण त्यांच्या हातात जास्त शोभतं, हेही खरंच.

लोणंदच्या मुक्कामात एक आजी आल्या, खांद्यावरच्या पिशवीचा बंद मुळापासून उसवलेला. आत कॅनव्हासचा तुकडा घालून चौकोनी टाके मारले, मध्ये फुली घातली. आजींनी कनवटीला हात घातला. मी म्हटलं, “राहू द्या आजी, माउलींची सेवा.”

त्या म्हणाल्या, “अगं, समदं पुण्य तुलाच पायजे व्हय? पाय कर इकडं.”

मी पाय मागे घेतले. एवढ्या वयाच्या बाईने माझे पाय धरायचे म्हणजे काय! पण त्यांनी ऐकलं नाही. आयुष्यभर गावात बाळंतपणं केलेल्या, बाळंतिणींना तेल लावलेले हात होते ते. अंगठ्याने पोटरीच्या मधोमध एक जागा शोधली आणि तिथेच दाबून धरलं. डोळ्यांसमोर काजवे चमकले. मग हळूहळू घोट्यापर्यंत उतरत गेल्या. दुखऱ्या जागा मी सांगायच्या आधी त्यांना सापडत होत्या. त्या दिवशी रिंगणाच्या जागेपर्यंत, चांदोबाच्या लिंबापर्यंत जाता येईल का अशी शंका होती, ती मिटली. दुसऱ्याची पिशवी शिवताना मी कधी अवघडत नाही. पाय पुढे करायला मात्र मला त्या आजींची दटावणी लागली.

पुढे एका मुक्कामाला इंजिनिअरिंगचा एक मुलगा बॅग घेऊन आला. चेन दुरुस्त होईपर्यंत बसल्या बसल्या म्हणाला, “काकू, तुम्हाला हे येतं, काकांना ते येतं. मी नुसता चालतोय, मला काहीच येत नाही.”

तेवढ्यात शेजारच्या मावशी आपला फोन घेऊन आल्या. पावसात भिजल्यापासून लेकीचा फोन लागत नव्हता. त्याने मागचं झाकण काढलं, सिम पुसून परत बसवलं, काहीतरी बदललं आणि फोन लागला. मावशींची लेक पलीकडून इतक्या मोठ्याने बोलली की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. पंढरपूरजवळच्या वाखरीला पोचेपर्यंत त्याच्यापुढची रांग माझ्या रांगेपेक्षा मोठी झाली होती, आणि चेनवाल्यांना ‘जरा थांबा, आधी माझा फोन होऊ दे’ असं आज्या सांगत होत्या.