पॉन्ड इनलेट ते इकालुइट

"कळा येतायत का?" विचारलं, तर तिने नुसत्या भुवया उंचावल्या. इथे, कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या पॉन्ड इनलेट गावात, त्याचा अर्थ 'हो'. नाक मुरडलं तर 'नाही'. नवी नर्स उत्तराची वाट बघत बसते आणि उत्तर कधीच मिळून गेलेलं असतं.

डिसेंबरातली दुपार, तीन वाजलेले, बाहेर मिट्ट काळोख. या दिवसांत सूर्य उगवतच नाही. तिला एकतिसावा आठवडा. इथल्या बायका छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात विमानाने इकालुइटच्या रुग्णालयात बाळंतपणाला जातात, कारण पॉन्ड इनलेटला कायमचा डॉक्टर नाही. बाहेर जायला रस्ताही नाही. इकालुइट १,०७० किलोमीटर, म्हणजे जवळपास मुंबई-दिल्ली. अशी फार लवकर येणारी बाळं जिथे सांभाळतात ते ओटावा तर ३,००० च्या वर, कन्याकुमारी-श्रीनगरहून लांब.

मी इकालुइटला डॉक्टरांना फोन लावला. हुशार माणूस, पण आमची धावपट्टी त्यांनी कधी पाहिलेली नाही. म्हणाले, "निफेडिपिन आणि बीटामेथासोन द्या, दोन तास बघू." पहिलं कळा थांबवायला, दुसरं बाळाची फुप्फुसं तयार व्हायला. शहरात हेच बरोबर ठरलं असतं. माझ्या खिडकीतून विमानतळाचा दिवा दिसत होता आणि जमिनीलगतचा बर्फ उडायला लागला होता. विमान आत्ताच पाठवा, असा तेव्हाच हट्ट धरायला हवा होता. नाही धरला.

तिच्यासोबतच्या आजीने विचारलं, विमान किती लांब आहे? मी म्हटलं, सव्वादोन तास. तिने खिडकीबाहेर पाहिलं आणि नाक मुरडलं.

पाचला कळा तशाच, म्हणून विमान मागवलं. सातला दिवा दिसेनासा झाला. साडेआठला धावपट्टीवरून फोन आला: दोनदा उतरायचा प्रयत्न केला, परत चालले.

मग मी टेबल मांडलं. श्वास द्यायचा सर्वांत लहान मास्क, गरम गादी, आणि पॉलिथिनची पिशवी. बत्तीस आठवड्यांच्या आतलं बाळ न पुसता, ओलंच गळ्यापर्यंत पिशवीत घालायचं, डोक्याला टोपी. अंगाची ऊब तेवढीच टिकते. पिशवी मी तीनदा उघडून पाहिली, चिकटलेली नको म्हणून. एवढ्या लहान बाळाला लागणारा व्हेंटिलेटर आमच्याकडे नाही. रात्रभर कळा मोजल्या. बाळाच्या मेंदूला जपायला मॅग्नेशियम चालू होतं; ते जास्त झालं तर पाय उडेनासा होतो, म्हणून दर तासाला गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते बघत होते.

विमान उतरलं दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला. उणे ३४. गाडीतून विमानात नेईपर्यंत सलाईनची नळी गोठते, म्हणून पिशवी माझ्या पार्काच्या, म्हणजे जाड कोटाच्या आत छातीशी धरली आणि नळी तिच्या स्लीपिंग बॅगमध्ये दाबली.

बाळ पाच दिवसांनी ओटावात झालं. जगलं. आई थोरल्या मुलापासून कित्येक आठवडे लांब राहिली. नंतरच्या आढाव्यात लिहिलंय, सगळं नियमानुसार झालं. ते खरंही आहे. पण तीनला मागितलं असतं तर विमान साडेसहाला पोचलं असतं, आणि साडेसहाला दिवा दिसत होता.

आता फोन लावायच्या आधी मी खिडकीशी जाते. डॉक्टरांना पहिलं वाक्य हवामानाचं सांगते, कळांचं नंतर.