वेताळ टेकडीचं कुसळ

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या किनाऱ्यावर पाय ठेवायच्या आधी जहाजावर प्रत्येकाची झडती होते. शस्त्रांची नाही, बियांची. बाहेरचं गवत तिकडे रुजायला नको, म्हणून बूट धुवायचे आणि सॅकचे खिसे व्हॅक्यूम क्लीनरने साफ करायचे. आमच्या सॅकच्या वेल्क्रोतून गाइडने चिमट्याने एक कुसळ उपसलं. कुठलं, म्हणाली. हिने थेट मराठीत सांगितलं, "वेताळ टेकडीचं!" रोज सकाळी पुण्यात टेकडीवर जाताना तीच सॅक पाठीला असते, काय करणार.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसाच्या क्षेत्रात, नाही. ऑस्लोला परत यायचं, तर एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो. आमच्या एजंटला हे शेवटच्या आठवड्यात आठवलं. असो.

नी-ओलेसुन्द या तिथल्या वस्तीत वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद ठेवायचं. तिथली रेडिओ दुर्बीण अवकाशातले अतिक्षीण रेडिओलहरी टिपत असते. पूर्वी ही कोळशाच्या खाणीची वस्ती होती. १९६२च्या स्फोटात २१ कामगार गेले आणि खाण कायमची थांबली. आता नुसती संशोधन केंद्रं. त्यात २००८पासून आपलं 'हिमाद्री'ही आहे. पाटी वाचून उगाच छाती फुगली, तेवढ्यात एका कुररी पक्ष्याने माझ्या टोपीवर झडप घातली. जवळपास घरटं असावं. डोक्यावर हात उंच धरून चालायचं, म्हणजे ती हातावर येते. पुणेकर असून छत्री आणली नव्हती!

अस्वल दिसलं, पण जहाजावरूनच. २०२५पासून किमान ३०० मीटर अंतर सक्तीचं आहे. पांढऱ्या बर्फावर सायीसारखा पिवळट ठिपका. दुर्बिणीतून बघितला, तेव्हा त्याने जांभई दिली.

माझ्यासाठी खरी सहल मोनॅको हिमनदीसमोरची. रात्रीचे साडेदहा, लख्ख ऊन. गाइडने झोडिअॅकचं, म्हणजे रबरी बोटीचं, इंजिन बंद केलं. निळसर कड्यासमोर बर्फाचे तुकडे तरंगत होते आणि चहूकडून बारीक तडतड ऐकू येत होती. बर्फात शेकडो वर्षं दाबून राहिलेली हवा, तुकडा वितळला की बुडबुडा फोडून बाहेर पडते. डोळे मिटले तर थेट मोहरीची फोडणी. बोटीत दहा माणसं, कुणी हूं की चूं नाही.

बऱ्याच वेळाने ही माझ्या कानाशी आली.

"अहो, निघताना गॅस बंद केला होता ना?"