कालनिर्णयावरची फुली

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, आई दर महिन्याला पेन्सिलीने एक बारीक फुली काढत असे. ती कशाची, हे आम्ही कधी विचारले नाही. घरात त्यासाठी ‘कावळा शिवला’ एवढाच शब्दप्रयोग होता. पुढे मीही फुल्या काढू लागले. माझ्या दोन फुल्यांमध्ये ३३ दिवसांचे अंतर पडत असे आणि पुस्तकात २८ दिवस लिहिलेले असल्यामुळे, दर महिन्याचे चार-पाच दिवस ‘पाळी लांबली’ या धास्तीत जात.

२८ हा नियम नव्हे. प्रौढ स्त्रीचे चक्र २१ ते ३५ दिवसांचे असू शकते आणि पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते ४५ दिवसांपर्यंतही लांबते. मोजायचे मात्र एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून दुसरीच्या पहिल्या दिवसापर्यंत. अनेकजणी पाळी संपल्यापासून मोजतात आणि तिथेच हिशेब चुकतो. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर पाळी येईपर्यंतचा काळ साधारण दोन आठवड्यांचा असतो, कमीजास्त होतो तो मुख्यतः त्याआधीचा टप्पा. म्हणजे माझे बीज १४व्या नव्हे, तर १९व्या दिवसाच्या सुमारास सुटत असणार, आणि ताणामुळे किंवा आजारपणामुळे ते लांबले, की पाळीही तितकीच लांबणार. (गर्भधारणा टाळण्यासाठी मात्र या गणितावर विसंबू नये.)

वेदनेच्या बाबतीत आमच्या घरची रीत उलटी होती : सोसवेल तेवढे सोसायचे आणि अगदीच असह्य झाले, की गोळी घ्यायची. गर्भाशयाचे अस्तर सुटताना तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनमुळे गर्भाशय आकुंचन पावते आणि कळा येतात. मेफेनॅमिक ॲसिडसारखे औषध ते द्रव्य तयार होण्यालाच आळा घालते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ते कळा सुरू होतानाच घेतलेले बरे. गरम पाण्याच्या पिशवीवर आईचा विश्वास होता, तो रास्तच होता.

आता आमच्या भिंतीवर दोन रंगांच्या फुल्या असतात. पॅड दर तासा-दोन तासांनी पूर्ण भिजू लागले, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालला किंवा तीन महिने फुलीच पडली नाही, तर डॉक्टरांकडे जायचे, एवढे मुलीशी ठरलेले आहे. तिचे अंतर कधी २६, तर कधी ४१ दिवसांचे भरते. माझे चाळिशीनंतर कमी होत होत २८ वर आले आहे. पुस्तकाशी माझा हिशेब जुळला तो आत्ता.