पॅडवर उतरलेला लाल रंग

गाड्यांच्या रंगकामाची तपासणी हे माझे नित्याचे काम आहे, आणि घरच्या घरी मशीनने पॉलिश करू पाहणारी मंडळी माझ्यापर्यंत पोहोचतात ती बहुधा एखाद्या कडेवरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, उडाल्यानंतरच. आमच्या हिशेब विभागातील एका तरुण सहकाऱ्याने मात्र मशीन विकत घेतल्यावर, पण ते सुरू करण्यापूर्वी, मला सुट्टीच्या दिवशी घरी बोलावून घेतले. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली आणि साध्या, म्हणजे धातूची चमक नसलेल्या लाल रंगाची होती. आधीच्या मालकाकडे तिचे काय काय झाले होते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

मशीन त्यांनी योग्य निवडले होते. रोटरी मशीनचे पॅड एकाच आसाभोवती फिरत राहते, त्यामुळे हात जरा रेंगाळला की त्या जागी उष्णता साचून रंग जळू शकतो. ड्युअल ॲक्शन मशीनचे पॅड फिरता फिरता लहान वर्तुळात झुलतेही, आणि जास्त दाबले तर त्याचे फिरणे थांबते. हे थांबणे नवशिक्याच्या फायद्याचेच असते, कारण पॅड थांबले की पॉलिश होत नाही, पण सहसा नुकसानही होत नाही. पॅड फिरते आहे की नुसतेच थरथरते आहे, हे चालू मशीनवर चटकन कळावे म्हणून मी पॅडमागच्या चकतीच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढायला सांगितली.

धुणे, लोखंडाचे रुतलेले कण विरघळवणारा द्रव मारणे आणि भरपूर वंगण घेऊन क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण उचलून घेणारा मऊ मातीसारखा गोळा, फिरवणे यात सकाळ गेली. ही तयारी कंटाळवाणी असली तरी टाळता येत नाही, कारण पृष्ठभागावर राहिलेला प्रत्येक खडा पॅडखाली सापडला की नवा ओरखडा काढतो.

त्यानंतर रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र मी प्रत्येक पत्र्यावर टेकवले. टपावर, बॉनेटवर आणि तीन दारांवर आकडे 105 ते 120 मायक्रॉनच्या दरम्यान आले, म्हणजे कारखान्यातल्या रंगाला शोभतील असे. मागच्या उजव्या दारावर मात्र 230 पासून 260 पर्यंत आकडे दिसू लागले. ते दार कधीतरी पुन्हा रंगवले होते, एवढे त्यातून निश्चित झाले. हे यंत्र थरांची एकूण जाडी सांगते, त्यातला प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, किती आणि क्लिअर कोट किती हे वेगळे करून दाखवत नाही. कारखान्यातल्या रंगात वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा असतो, म्हणजे लिहिण्याच्या साध्या कागदाच्या जाडीच्या जवळपास निम्मा. ओरखडे ‘काढायचे’ म्हणजे याच थराचा वरचा भाग त्यांच्या तळाच्या पातळीपर्यंत खाली आणायचा असतो. म्हणून ज्या ओरखड्यात नख अडकते, त्याच्या नादी लागू नये, असे मी आधीच बजावले. डिकीवर तसा एक होता आणि त्यांचा सगळा जीव नेमका त्यातच अडकला होता.

बॉनेटच्या मधोमध टेपने हातभर लांबीरुंदीचा चौकोन आखून आम्ही चाचणी घेतली. सुरुवात मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने केली. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घेऊन, मशीन बंद असतानाच ते चौकोनभर टेकवले, मग कमी वेगावर पसरवले आणि वेग वाढवून आधी आडवे, नंतर उभे, मागच्या पट्ट्यावर निम्मे चढेल असे हात मारले. नवशिक्याचा हात नेहमी घाई करतो; त्यांचाही करत होता. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा पुढे सरकायचे नाही, एवढे एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. पुसल्यावर बॉनेट झळकले आणि ते खूश झाले, पण पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढून टॉर्च धरला तेव्हा वर्तुळाकार ओरखड्यांची जाळी बरीचशी जागच्या जागी होती. पॉलिशमधले तेल ओरखड्यांत भरून राहते आणि डोळ्यांना फसवते. पॅड तेच ठेवून पॉलिश एक पायरी कडक केल्यावर जाळी जवळजवळ नाहीशी झाली, आणि तीच जोडी आम्ही इतर पत्र्यांसाठी कायम केली.

दुपारी ते मागच्या उजव्या दारावर आले. पहिलाच हात पुरा होतो न होतो तोच त्यांनी मशीन बंद केले आणि पॅड माझ्यापुढे धरले. त्याच्या फोमवर लाल रंग उतरला होता. “सर, रंग गेला,” एवढेच ते म्हणाले.

क्लिअर कोट उडून खालचा रंग उघडा पडला की पॅड रंगते, हे खरे आहे. पण तसे घडते तेव्हा रंग एकाच ठिकाणाहून, बहुधा कडेवरून किंवा पत्र्याच्या उठावदार रेषेवरून येतो, आणि तेथे किनार दिसणारा निस्तेज ठिपका पडतो. इथे दार सगळीकडे सारखेच होते, आणि पॅडही एखाद्या पट्ट्यात नव्हे तर पूर्ण गोलाकार लाल झाले होते. खात्री करण्यासाठी मी स्वच्छ पांढऱ्या कापडावर किंचित पॉलिश घेऊन दाराच्या खालच्या, मशीन न लागलेल्या कोपऱ्यात बोटाने घासले. कापड गुलाबी झाले. तीच कृती बॉनेटवर केली तेव्हा कापडावर फक्त मळकट पांढरे उमटले. या दाराला क्लिअर कोट नव्हताच. दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी त्यावर एकेरी थराचा रंग मारला होता, ज्यात रंगद्रव्य थेट पृष्ठभागावर असते आणि घासले की थोडे उतरतेच. सकाळच्या आकड्यांनी दार पुन्हा रंगवल्याचे सांगितले होते. कशाने रंगवले, ते पॅडने सांगितले.

दार पॉलिश करायला हरकत नव्हती, फक्त पद्धत बदलावी लागली. उन्हाने मेलेला रंगाचा वरचा पापुद्रा निघून पॅडमध्ये भरतो, म्हणून प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करायचे, ते पॅड आणि कापड दुसऱ्या पत्र्याला लावायचे नाही, कडांवरची टेप रुंद ठेवायची आणि पुन्हा बारीक पॉलिशवर यायचे. पंचाईत पुढे झाली. दार चमकल्यावर त्याचा लाल शेजारच्या दारापेक्षा किंचित गडद दिसू लागला आणि पृष्ठभागावरचे संत्र्याच्या सालीसारखे बारीक उंचवटेही उठून आले. इतके दिवस ओरखड्यांच्या धुरकटपणात हा फरक झाकला गेला होता. हे पॉलिशने जुळवता येईल का, असे त्यांनी विचारले. उंचवटे सपाट करायला पाण्याने सँडिंग करावे लागते, त्यात पॉलिशच्या कितीतरी पट रंग जातो, आणि छटेतला फरक तरीही राहतो. मी नाही म्हटले, आणि त्यांनी ते ऐकले.

प्लॅस्टिकच्या बंपरवर माझे यंत्र आकडे दाखवत नाही, शिवाय प्लॅस्टिक उष्णता लवकर सोडत नाही, म्हणून तेथे कमी वेगावर मोजकेच हात मारले. डिकीवरचा खोल ओरखडा टच-अपच्या काडीने भरून सोडून दिला, कारण त्या पत्र्यावर तेवढी जाडी खर्च करणे मला पटत नव्हते. संध्याकाळी सगळ्या गाडीला सीलंट, म्हणजे रंग जपणारा लेप, लावताना मागच्या उजव्या दारावर मी त्यांना दुसरा थर द्यायला लावला. क्लिअर कोटचे संरक्षण नसल्यामुळे ते दार उन्हात इतरांआधी पांढुरके पडेल, तेव्हा त्याला मेण किंवा सीलंट लावण्याची पाळी इतर पत्र्यांपेक्षा लवकर येईल, हे त्यांनी आपल्या वहीत लिहून घेतले.