खळांची व्यंकटी आणि रिकामी तागडी

२६ जुलै २००५ रोजी जे मुंबईत होते, त्यांतल्या बहुतेकांजवळ त्या दिवसाची एक तरी आठवण आहे. माझ्याजवळची आठवण आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराची आहे. त्याच माणसाची आणखी एक आठवण मी गेली कित्येक वर्षे तिच्या शेजारी ठेवून पाहतो आहे, आणि मनुष्यस्वभावाविषयी काहीही वाचायला घेतले की या दोन आठवणी एकमेकींशेजारी बसतात का, हे आधी तपासतो.

त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदी पात्र सोडून कुर्ल्याच्या वस्त्यांत शिरली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मी दुपारी कचेरीतून निघालो तो कधी गुडघाभर, कधी छातीभर पाण्यातून चालत मध्यरात्रीनंतर आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो. वीज नव्हती. दुकानदाराने आपल्या शटरपासून समोरच्या पिंपळाच्या बुंध्यापर्यंत काथ्याचा दोर बांधला होता आणि स्वतः कंबरभर पाण्यात उभा राहून तो येणाऱ्या प्रत्येकाचा हात धरून त्या दोरावर ठेवत होता, कारण गटाराचे झाकण कुठे वाहून गेले आहे हे त्याला ठाऊक होते आणि आम्हाला नव्हते. दुकानाच्या पोटमाळ्यावर त्याने सात-आठ अनोळखी बायका आणि त्यांची मुले चढवून बसवली होती. बिस्किटांचे पुडे आणि मेणबत्त्या तो वाटत होता. एका बाईने पैसे पुढे केले तेव्हा तो तिच्यावर चक्क रागावला. खाली साखरेची पोती पाण्यात विरघळत होती. ती वर चढवायला जागा नव्हती, कारण वर माणसे होती.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या हिवाळ्यातली. एक किलो तूरडाळ ज्या पितळी डब्यात काठोकाठ बसायची, त्या डब्यात आता बोटभर जागा उरते, असे आईच्या ध्यानात आले. पुढच्या खेपेला मी दुकानात गेलो आणि तागडी जवळून पाहिली. मालाच्या पारड्याखाली मधोमध, बाटलीच्या झाकणाएवढे एक काळे लोहचुंबक चिकटवलेले होते. तो काटा मारत होता. मापात पाप हा शब्द आपण नेहमी वापरतो, पण ते पाप हाताच्या अंतरावर दिसले तेव्हा मला राग येण्याआधी दुःख झाले. ज्या हाताने त्या रात्री माझे मनगट धरले होते, त्याच हाताने ते चुंबक तिथे लावले होते.

अशा वेळी दोन निष्कर्ष अगदी हाताशी असतात. माणूस मुळात चांगलाच, पोटाच्या काळजीने त्याला बिघडवले, हा एक. माणूस मुळात लबाडच, आपत्तीत तो चार तास भारावला होता एवढेच, हा दुसरा. मी पुष्कळ दिवस या दोहोंच्या मध्ये उभा राहिलो आणि त्यालाच समतोल समजत राहिलो: माणूस थोडा चांगला, थोडा वाईट. आज मला हे तिसरे मत पहिल्या दोहोंपेक्षाही निरुपयोगी वाटते. पहिली दोन मते चूक असली तरी काहीतरी सांगतात. हे तिसरे मत पुराची रात्र आणि चुंबक यांचे कारणही सांगत नाही आणि उद्या त्या माणसाशी कसे वागावे हेही सांगत नाही.

हा वाद फार जुना आहे आणि त्याची मला सर्वांत उपयोगी पडलेली मांडणी प्राचीन चीनमधली आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या मेन्शियस या विचारवंताने माणसाचा स्वभाव चांगला आहे असे म्हटले, आणि तिसऱ्या शतकातल्या शुन्त्झूने तो वाईट आहे असे. अभ्यासक्रमात हे दोघे असेच समोरासमोर उभे केलेले असतात. पण मेन्शियसचे उदाहरण नीट पाहिले तर तो फार थोडे मागतो. लहान मूल विहिरीत पडते आहे असे अचानक दिसले तर कोणाच्याही काळजात चर्र होते, आणि ते मुलाच्या आईबापांची मर्जी मिळावी किंवा लोकांनी वाहवा करावी म्हणून होत नाही, एवढेच तो म्हणतो. प्रत्येक जण धावत जाऊन मूल वाचवील, असे तो म्हणत नाही. ती धडकी म्हणजे कोंब आहे. झाड अजून व्हायचे आहे. नियू पर्वताविषयी त्याने केलेले विवेचन तर मला वारंवार आठवते. एका मोठ्या राजधानीजवळच्या त्या डोंगरावर कधी काळी सुंदर झाडी होती. कुऱ्हाडी चालल्या, पावसाने पुन्हा कोंब फुटले ते गुराढोरांनी खाल्ले, आणि आता तो बोडका डोंगर पाहून लोक समजतात की इथे कधी झाडे नव्हतीच. आपल्याकडे पश्चिम घाटात चराईच्या डोंगराभोवती कुंपण घालून चार पावसाळे वाट पाहिलेल्या कोणालाही हे उदाहरण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

शुन्त्झू याच्या उलट बाजूने येतो. वाकडे लाकूड वाफ देऊन, साच्यात दाबून धरल्याशिवाय सरळ होत नाही, तसा माणूस गुरू आणि रीतभात यांच्यावाचून सरळ होत नाही, असे तो सांगतो. मात्र ज्या प्रकरणात तो स्वभाव वाईट असल्याचे सिद्ध करू पाहतो, त्याच प्रकरणात तो असेही म्हणतो की रस्त्यावरचा कोणीही माणूस यू या थोर राजासारखा होऊ शकतो. माणसाला वाईट म्हणणाऱ्याने माणसावर टाकलेला हा विश्वास पाहून मी पहिल्यांदा वाचताना पुस्तक मिटून बसलो होतो. दोघांच्याही मते खरे काम जन्मानंतरच करायचे आहे. एकाला ते पाणी घालण्याचे वाटते, दुसऱ्याला वाफ देण्याचे. त्यांच्या मध्ये गाओत्झू नावाचा तिसराही एक आहे. त्याच्या मते स्वभाव पाण्यासारखा असतो, पूर्वेला वाट दिली तर पूर्वेला, पश्चिमेला दिली तर पश्चिमेला जाणारा, ना चांगला ना वाईट. माझे जुने मत याच घराण्यातले. ते तटस्थ दिसते खरे, पण आमच्या दुकानदाराला त्या रात्री कोणीही वाट काढून दिलेली नव्हती; दोर त्याने स्वतः शोधून आणला होता.

वाकड्या लाकडाची उपमा पुढे युरोपातही भेटते. माणूस ज्या वाकड्या लाकडाचा घडला आहे त्यातून अगदी सरळ असे काही करता येणार नाही, हे जर्मन तत्त्वज्ञ कांटचे १७८४ मधल्या एका निबंधातले वाक्य प्रसिद्ध आहे आणि निराशेचा दाखला म्हणून ते सारखे वापरले जाते. त्याच निबंधात त्याच्या थोडे आधी कांटने रानातल्या झाडांविषयी लिहिले आहे, ते फारसे कोणी सांगत नाही. रानात दाटीने वाढणारी झाडे एकमेकांचा उजेड आणि हवा ओढून घेण्याच्या खटपटीतच उंच आणि सरळ होतात. मोकळ्यावर एकटे वाढलेले झाड फांद्या वाटेल तशा पसरून खुजे आणि वेडेवाकडे राहते. म्हणजे लाकूड वाकडे असले तरी ते कोणाच्या शेजारी वाढते, याला महत्त्व आहे.

संगतीचा हा प्रभाव पुढे प्रयोगशाळेतही मोजला गेला. १९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमने अमेरिकेतल्या येल विद्यापीठात सुरू केलेल्या प्रयोगांपैकी सर्वांना ठाऊक असलेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जणांनी प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून समोर न दिसणाऱ्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंतचे विजेचे झटके दिले. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते खरे वाटत होते. हा आकडा ऐकून माणसाविषयीची आशा सोडणारे पुष्कळ भेटतात. याच मालिकेतल्या दुसऱ्या एका प्रयोगात शेजारी बसवलेल्या दोन साथीदारांनी मध्येच उठून नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी फक्त चार उरले. हे दोन आकडे मी नेहमी जोडीनेच सांगतो.

मला आवश्यक असलेला शब्द मात्र घरातच होता. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तिच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी पसायदान आहे. शाळेत आम्ही ते रोज म्हणत असू आणि म्हणूनच ते कधी ऐकले नाही. ज्या गीतेवर हे भाष्य आहे, तिच्या चौथ्या अध्यायात ‘विनाशाय च दुष्कृताम्’ असे शब्द आहेत. ज्ञानेश्वर स्वतःसाठी मागायला बसतात तेव्हा दुष्टांचा नाश मागत नाहीत. ते म्हणतात, ‘जे खळांची व्यंकटी सांडो । तयां सत्कर्मी रती वाढो ।’ व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, रती म्हणजे ओढ. खळ आहेत, हे त्यांनी नाकारलेले नाही. संन्याशाची पोरे म्हणून ज्या भावंडांना वाळीत टाकल्याचे परंपरा सांगते, त्यांच्यापैकी एकाला ते नाकारणे कठीणच होते. पण वाकडेपणा ही खळापासून सुटी होऊ शकणारी गोष्ट आहे, ती गळून पडली तरी मागे माणूस उरतो, असे या ओवीत गृहीत आहे. पुढच्या क्रियापदाकडे माझे लक्ष चाळिशी उलटल्यावर गेले. सत्कर्माची रती ‘उपजो’ असे ते म्हणत नाहीत, ‘वाढो’ म्हणतात. जे मुळात नाहीच ते वाढणार कसे? म्हणजे खळाच्या ठायीही तिचा कण आहे, असे धरूनच हे दान मागितलेले आहे. कोंब आणि वाकडे लाकूड ज्या दोन विचारवंतांनी वाटून घेतले होते, ते इथे एका ओवीत एकत्र नांदतात.

यावर एक आक्षेप मला रास्त वाटतो. प्रार्थना करणाऱ्याने अशी दृष्टी ठेवावी. पण ज्याला चार माणसांचा कारभार चालवायचा आहे त्याने काय करावे? इथे मला डॉ. आंबेडकरांचा आधार वाटतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ते म्हणाले होते की संवैधानिक नीती ही नैसर्गिक भावना नव्हे, ती जोपासावी लागते. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याच सभेत त्यांनी बजावले की संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल. माणसांच्या चांगुलपणावर विसंबू नका आणि नुसत्या नियमांवरही विसंबू नका, असे दोन्ही एकच माणूस सांगत होता. ज्याला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला जात नव्हता त्याने हे सांगितले आणि तरीही जोपासनेची आशा ठेवली, याचे मोल मला फार वाटते.

चुंबकाची गोष्ट मी घरी सांगितली त्या संध्याकाळी, आता दुसरे दुकान पाहू, असे मी आईला म्हणालो. ती तांदूळ निवडत होती. ‘कशाला? तिथेच जाईन मी,’ ती म्हणाली, ‘पण तागडी बघून घेईन.’ दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली आणि डाळ मागण्याआधी म्हणाली, ‘भाऊ, आधी रिकामी तागडी उचलून दाखवा.’ दुकानात आणखी गिऱ्हाइके होती. तिने आवाज चढवला नाही. त्याने एकदा तिच्याकडे पाहिले, पारड्याखाली हात घातला, काहीतरी मुठीत घेतले आणि तागडी उचलली. दोन्ही पारडी समोरासमोर आली. मग तिने डाळ मागितली आणि त्या रात्री भिजलेल्या साखरेचे पुढे काय झाले, याची चौकशी केली.

त्यानंतर सहा-सात वर्षे ती दर महिन्याला रिकामी तागडी पाहत आली आणि तिथेच खरेदी करत राहिली. तिचे गुडघे धरल्यावर दुकानात मी जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी, मी काही बोलण्याच्या आत, त्याने रिकामी तागडी माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि पारडी स्थिर होईपर्यंत तशीच धरून ठेवली. इतर गिऱ्हाइकांसमोर तो तसे करत असे की नाही, हे मी कधी पाहिले नाही.