बागेसाठी मिनी पोकलेन घेताय? आधी टेप घेऊन ओळीत जा

मिनी पोकलेन घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती खोल खोदतं? मीपण हाच विचारायचो. पण बागेत ३ मीटर खोल जायची वेळ येते कधी हो? झाडाचा खड्डा मीटरभर, पाइपलाइनची चारी त्याहून कमी, आणि दीड-पावणेदोन टनाचं मशीनसुद्धा २ मीटरच्या पुढे जातं. खरी गोची होते वळताना.

भाड्याने साडेतीन टनी मशीन आणलं होतं तेव्हा हे कळलं. ओळीतून मस्त गेलं, समोर बघून चारी मारत होतो, माती बाजूला टाकायला गर्रकन फिरवलं आणि मागचं काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारं वजन, खोडाला घासलं, हातभर साल सोलून निघाली. भरात आलेलं झाड होतं, अजून तिथून जाताना जीव हळहळतो.

म्हणून बागेसाठी माझं स्पष्ट मत, झिरो टेलच बघा. फिरताना मागचा भाग चेनच्या रुंदीबाहेर जवळपास येतच नाही. त्याच वजनाचं साधं मशीन बाजूला वळून वजन उचलताना थोडं जास्त स्थिर वाटतं हे खरंय, पण आपल्याला झाडं जपायचीत. दुसरं म्हणजे बूम, म्हणजे पुढचा मोठा हात, बुडापासून डावी-उजवीकडे वळला पाहिजे, म्हणजे मशीन ओळीच्या मधोमध ठेवून चारी एका कडेला मारता येते. आणि मोजताना खोड ते खोड मोजू नका, फांदी ते फांदी मोजा, फळं लागल्यावर फांद्या लवतात तेही धरा. उंचीपण बघा, साडेतीन टनीची छत्री, म्हणजे वरचं छत, साधारण अडीच मीटरवर जाते.

चेन रबरचीच घ्या, फक्त ओल्या रानात जागेवर गरागरा फिरवू नका, माती पार उलटीपालटी होते, आणि धारदार दगड असतील तर रबर कापलं जातं.

खड्डे घ्यायला ऑगर, म्हणजे गिरमिटासारखा फिरणारा स्क्रू, लावणार असाल तर त्याला तेल देणारी जादा हायड्रॉलिक लाइन दोन्ही बाजूंनी चालणारी आहे का हे विचाराच, दगड फोडायच्या ब्रेकरला एकेरी पुरते पण ऑगर मुळ्यांत अडकला की उलटा फिरवल्याशिवाय सुटत नाही. तेलाचा फ्लो मिनिटाला किती लिटर आणि ऑगरला किती लागतो तेही जुळवून बघा.

जुनं घेत असाल तर तासांच्या मीटरवर भरवसा ठेवू नका, पॅडल आणि लिव्हर किती झिजलेत ते बघा, बकेट जमिनीला टेकवून दाब द्या आणि सांध्यांच्या पिन-बुशमध्ये, वरचा भाग ज्यावर फिरतो त्या रिंगमध्ये खडखड आहे का ते ऐका. आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका, कारण गरम इंजिन काय, कसंही सुरू होतं.