डभोईला सायकलीनं जोडायचं तर कुठून सुरुवात करायची: बडोदा ते चांदोद, दोन दिवसांची पाहणी

डिसेंबरात आम्ही तिघं, म्हणजे मी, मामा आणि मामेभाऊ, गुजरातेत बडोद्याहून डभोई, तिथून वढवाणा तलाव आणि दुसऱ्या दिवशी नर्मदेकाठचं चांदोद असं सायकलीवर आणि मधे मधे पायी जाऊन आलो. फिरणं झालंच, पण गेलो होतो रस्ता आखायला. आमच्या सायकलवाल्या मंडळींच्या डोक्यात बरेच दिवस आहे की बडोदा आणि डभोई यांच्यामधे चालायला आणि सायकलला नीट वाट हवी, आणि नुसतं बोलत बसण्यापेक्षा आधी प्रत्यक्ष जाऊन बघावं, मोजावं, लिहून आणावं असं ठरलं. मामा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यांना कालव्यांच्या कडेचे रस्ते तोंडपाठ. भावाकडे मोबाइलवर डाउनलोड करून ठेवलेला नकाशा, माझ्याकडे वही आणि शिंप्याची नव्हे, गवंडी वापरतात ती पाच मीटरची टेप.

निघालो दांडिया बाजारातून सहाला. इथेच पहिली सूचना, डिसेंबरात सातपर्यंत नीट उजाडत नाही, त्यामुळे मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा दिवा दोन्ही पाहिजेतच, शिवाय अंगावर चमकणारं जाकीट. प्रतापनगर, सोमा तलाव इथपर्यंत शहराचा रस्ता, सकाळी रिकामाच असतो. खरी परीक्षा कपुराई चोकडीला, म्हणजे चौकात. मुंबई-अहमदाबाद हायवे तिथे आडवा येतो आणि ट्रक, लक्झरी, डंपर सगळे एकाच वेळी वळत असतात. आम्ही सायकली हातात धरून पायी ओलांडलं, आणि तुम्हीही तसंच करा, तिथे घाई करण्यासारखं काही नाही. ओलांडून होईपर्यंत मी घड्याळ लावलं होतं, चार मिनिटं गेली. वहीत पहिली नोंद तीच: ‘कपुराई, पायी ओलांडायला ४ मिनिटं, थांबायला जागा नाही.’

पुढे रतनपूर, केलनपूर करत रस्ता सरळ आणि रुंद आहे, एकतानगरकडे (म्हणजे आधीच्या केवडियाकडे) जाणाऱ्यांची सगळी वर्दळ याच रस्त्यानं, त्यामुळे गाड्या जोरात असतात. रुंद रस्ता बघून सायकलवाल्याला बरं वाटतं पण फसायला होतं, कारण सगळी रुंदी गाड्यांना आहे आणि कडेची पांढरी पट्टी संपली की लगेच माती. ओरसंग नदीची रेती घेऊन येणारे डंपर मागून आले की मातीत उतरायचं, ते गेले की परत वर यायचं, असं तासभर. दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला बराच वेळ आमच्या पुढे होता, त्याला विचारून कॅनसकट सायकलची रुंदी मोजली, एक मीटर दहा सेंटिमीटर भरली. म्हणजे उद्या कुणी तीन-साडेतीन फुटांची पट्टी आखून तिला सायकल ट्रॅक म्हणालं तर रोज खरंच सायकल चालवणारा हा माणूस त्यात मावणार नाही आणि समोरून दुसरा आला तर दोघांपैकी एकाला उतरावंच लागेल. पायी चालणाऱ्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शिकेत फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितलीय, तो आकडा मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून नेला होता आणि दोन दिवसांत फार थोड्या ठिकाणी तो खरा उतरला.

भिलापूरला मामा थांबले. ढाढर नदीचं गाव. १ एप्रिल १७३१ला पहिले बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची लढाई या भागात झाली, तिला डभोईची लढाई म्हणतात तशी भिलापूरची लढाईही म्हणतात, आणि त्र्यंबकराव इथेच पडले. शाळेत शिकलेलं सगळं, पण आपण या रस्त्यानं शंभर वेळा गाडीतून गेलेलो असतो आणि एकदाही थांबलेलो नसतो. मामा म्हणाले, “अगं, मराठ्यांनी मराठ्यांशी केलेली लढाई आहे ही, इथे दोन मिनिटं उभं राहायला तरी जागा पाहिजे की नको?” मलाही तेच वाटलं. वाट आखताना अशा ठिकाणी एक ओटा, एक झाड, माहितीचा एक दगड एवढं पुरेल. ढाढरच्या पाण्याजवळ मात्र उतरू नका, या नदीत मगरी आहेत आणि हे घाबरवण्यासाठी सांगत नाहीये, विश्वामित्रीच्या काठी राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नकोच.

पुढे थुवावीच्या आसपास मामांनी आम्हाला हायवेवरून काढलं आणि एका नहेरीच्या कडेच्या रस्त्याला लावलं. (आम्ही बडोद्याचे लोक कालव्याला नहेरच म्हणतो.) एकदम आवाज बंद. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कापूस आणि तूर, मधे तीन-साडेतीन मीटरचा मातीचा सपाट रस्ता. चढ जवळजवळ नाहीच, कारण पाणी वाहण्यासाठी कालव्याला उतारच अगदी कमी देतात, आणि म्हणून सायकलसाठी याच्याइतकी चांगली आयती वाट दुसरी नाही. पण हौशीनं लगेच नकाशावर रेघ मारू नका. एक तर हा रस्ता खात्याचा, देखभालीसाठीचा आहे, परवानगी नसेल तर तो सार्वजनिक नाही, आम्हीही मामांच्या ओळखीनं आधी विचारून गेलो होतो. दुसरं, कडेला काही नाही, अस्तर केलेल्या कालव्यात माणूस पडला तर गुळगुळीत उतारावरून वर येता येत नाही, मुलांना घेऊन जायचं तर आधी कठडा किंवा निदान झाडांची दाट ओळ हवी. आणि तिसरं म्हणजे गांडा बावळ, आपली वेडी बाभूळ. त्याचे काटे इतके टणक की चार किलोमीटरमधे आमची तीन पंक्चर झाली. ट्यूब दोन-दोन ठेवा, टायरच्या आत घालायची पट्टी मिळते ती बसवून घ्या, आणि पंक्चर काढून झाल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा नाहीतर दहा मिनिटांत परत तेच. पावसाळ्यात या वाटेला जाऊच नका, इथली काळी माती चाकाला आणि मडगार्डला अशी बसते की सायकल उचलून न्यावी लागते.

डभोईत पोचलो साडेदहाला, वडोदरी भागोळीतून, म्हणजे वेशीच्या दरवाजातून. इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण या गावानं आमचा सगळा बेतच बदलला. डभोई म्हणजे जुनी दर्भावती, वाघेला राजा विसलदेवाच्या काळातली, तेराव्या शतकातली तटबंदी, आणि चार दिशांना चार भागोळी: पश्चिमेला वडोदरी, दक्षिणेला नांदोदी, उत्तरेला महुडी आणि पूर्वेला हिरा भागोळ. नावंच बघा, वडोदरी आणि नांदोदी म्हणजे ज्या गावाकडे रस्ता जातो त्याचं नाव दरवाजाला. म्हणजे हे गाव कुठे कुठे जोडायचं हे सातशे वर्षांपूर्वीच कुणीतरी ठरवून ठेवलंय. हिरा भागोळ बघायला तासभर ठेवाच, तिथलं कोरीवकाम उन्हाची तिरीप पडली की उठून दिसतं म्हणून सकाळीच जा. हिरा नावाच्या कारागिराला भिंतीत चिणलं अशी गोष्ट लोक सांगतात.

आणि रेल्वे. १८६२मधे खंडेराव महाराजांच्या काळात डभोई ते मियागाम ही नॅरोगेज लाइन सुरू झाली तेव्हा गाडी बैल ओढायचे, वाफेचं इंजिन पुढे १८७३च्या सुमारास आलं. नंतर डभोईतून पाच दिशांना नॅरोगेज जायची. माझी आजी लग्नानंतर पहिल्यांदा चांदोदला गेली ती याच गाडीनं. आता ब्रॉडगेज झाली, १७ जानेवारी २०२१ला डभोई-चांदोद आणि पुढे केवडियापर्यंतची लाइन सुरू झाली, गाडी वेगात जाते, चांगलंच आहे.

तर आम्ही काय केलं, दुपारी चारही भागोळींवर अर्धा-अर्धा तास उभं राहून कोण पायी जातंय, कोण सायकलवर जातंय ते मोजलं. भावानं नांदोदी भागोळ घेतली. शाळा सुटायची वेळ होती. तो परत आला तो थेट वही दाखवत, अर्ध्या तासात ६३ सायकली, त्यातल्या ४१ मुलींच्या. गुजरात सरकारच्या सरस्वती साधना योजनेत नववीच्या पात्र मुलींना सायकल मिळते, त्या या सायकली. सायकल मिळाली, चालवायला वाट नाही. एका मुलीला विचारलं तर म्हणाली गाव सहा किलोमीटरवर आहे, पाऊस पडला आणि अंधार असला की पप्पा घ्यायला येतात, नाहीतर त्या दिवशी खाडा. ती हे अगदी साधेपणानं सांगत होती आणि मला मात्र गलबलून आलं.

त्या रात्री जेवताना आम्ही नकाशा परत पसरला. घरून निघताना आमची रेघ होती बडोदा ते डभोई, तीसेक किलोमीटरची, लांबलचक, सुंदर. मामा म्हणाले, “ही रेघ आपल्यासाठी आहे, रविवारी फिरायला. बडोद्याला जायला डभोईच्या माणसाला रेल्वे आहे, बस आहे. त्याला रोज जायचंय ते पाच-सात किलोमीटरवरच्या गावाला.” आणि ते खरंच आहे. कुठल्याही छोट्या गावाला वाटांनी जोडायचं तर आधी त्या गावाच्या वेशीपासून आजूबाजूच्या गावांपर्यंतचे छोटे तुकडे, मग शहराकडची मोठी वाट. त्यातही सगळी वाट नवी करायला लागत नाही, बहुतेक ठिकाणी शेतातला रस्ता आहेच, तो तुटतो फक्त दोन-तीन जागी: एखादा ओढा जिथे मोरी नाही, रेल्वे फाटक, आणि गावाबाहेरची मोठी चोकडी. आम्ही दुसऱ्या दिवसापासून किलोमीटर लिहायचे सोडून फक्त तुटलेल्या जागा लिहायला लागलो. वाट आखायला निघणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे, पहिला दिवस गावात मोजण्यात घालवा, नकाशा नंतर.

वढवाण्याला आम्ही त्याच संध्याकाळी जाऊन आलो, डभोईपासून दहाएक किलोमीटर. सयाजीराव महाराजांनी १९१०च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव, ओरसंगवरच्या जोजवा बंधाऱ्यातून त्यात पाणी येतं, आणि २०२१मधे तो रामसर यादीत गेला. हिवाळ्यात पट्टकादंब हंस येतात, हिमालय ओलांडून, डोक्यावर दोन काळे पट्टे, आणि वारकरी म्हणजे कूट तर हजारोंनी. पाळीवरून चालणं हाच इथला सर्वात चांगला भाग. सायकल बाहेर ठेवा आणि पायीच जा, चेन आणि ब्रेकच्या आवाजानं पक्षी उठतात. येताना अंधार झाला, रस्त्यावर दिवे नाहीत, आणि ऊस भरलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय उभे असतात, म्हणून जमलं तर पहाटे जा, संध्याकाळी नको.

दुसऱ्या दिवशी चांदोद. गावागावांतून जाणारा आतला रस्ता धरला, सपाट, निवांत, दोन तासांत आरामात. जिथे चहा मिळेल तिथे प्या, पुढे मिळेलच असं नाही. चांदोदला नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वती यांचा संगम, मल्हारराव घाटावर बसून राहावं असं. समोर कर्नाळीला कुबेर भंडारी. नावाड्याला विचारून सायकली नावेतच घातल्या, पेडल पाण्याकडे येणार नाही अशी आडवी ठेवा आणि भाडं आधी ठरवा. रस्त्यानं कर्नाळीला जायचं तर मोठा वळसा पडतो, नावेनं काही मिनिटं. म्हणजे इथे वाटेचा तुटलेला तुकडा नदीच आहे आणि तो नावाडी जोडतोच आहे, तिथे पूल मागण्यापेक्षा दोन्ही काठांना नीट उतरायला रॅम्प मागावा असं मी लिहून आणलंय.

कर्नाळीला परिक्रमावासी भेटले, नाशिककडचं एक जोडपं, पांढरे कपडे, पाठीला पडशी, हातात दंड. काकूंना विचारलं, कुठली वाट धरता, तर म्हणाल्या, “मैया उजव्या अंगाला दिसत राहिली की झालं, बाकी वाट गावातले दाखवतात.” नर्मदेच्या काठाकाठानं ही पायवाट किती तरी पिढ्या चालू आहे, सदावर्त आहे, धर्मशाळा आहेत, ओट्यावर झोपायला कुणी नाही म्हणत नाही. आपल्या टेंबे स्वामींचं गरुडेश्वर याच काठावर वर आहे. पायी चालणाऱ्याला काय लागतं, किती अंतरावर पाणी, कुठे सावली, रात्री कुठे पाठ टेकायची, हे सगळं त्या वाटेवर आधीच सोडवलेलं आहे. मी काकूंना तासभर विचारत बसले, त्यांना पाणी लागतं ते दर दीड-दोन तासांनी आणि बायकांना आडोसा लागतो तो त्याहून लवकर. ही दुसरी गोष्ट पुरुषांनी केलेल्या एकाही आराखड्यात मी वाचलेली नाही. वाटेवर बाथरूम कुठे हे आधी ठरवा, बाकं नंतर.

परतताना सायकली छोट्या हत्तीत टाकल्या आणि आम्ही चांदोदहून रेल्वेनं प्रतापनगरला आलो. गाड्या थोड्याच असतात, वेळ निघण्याआधी बघून ठेवा. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, ओआरएस, सुटे पैसे, आणि गुजराती बोलता आलं नाही तरी ‘केम छो काका’नं सुरुवात केली की लोक फाटक उघडून देतात.

जानेवारीत शाळा चालू असतानाच्या दिवशी आम्ही परत डभोईला जाणार आहोत, चारही भागोळींवर सकाळ-दुपार दोन्ही वेळा मोजायला. प्रत्येक दरवाजावर दोन जण लागतील म्हणजे आठ, सध्या पाच आहेत. येणाऱ्यांनी वही, पेन आणि टेप घेऊन यावं, सायकल नसली तरी चालेल.